नवा लॅपटॉप आणि चौथं कलम

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वतीनं 'मी' लिहीत आलो. 'मी, खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की...' या ओळीनं सुरू होणारे किती कागद माझ्या हातून गेले, त्याचा हिशेब मी कधी ठेवला नाही. त्यातला 'मी' कधी मेंढपाळ असे, कधी विधवा, कधी सरपंच, कधी दाखल्यावर जन्मतारीख चुकलेला जावई. मी स्वतः त्यात कुठेच नसे. मोताळ्याला तहसील कचेरीसमोरच्या टिनाच्या शेडमध्ये एक टेबल, एक खुर्ची, समोर एक बाक, एवढा माझा संसार. सरकारी भाषेत मी अर्जनवीस. लोकांच्या भाषेत बाबूजी.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं होतं की धंद्यातल्या गमतीजमती लिहा. गमती आहेत, त्या लिहितोच. पण त्यांच्या आडून एक गोष्ट सांगायची राहिली आहे. माझ्या एका कागदामुळे एक बहीण आणि एक भाऊ बारा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. चूक माझी होती. ते मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. यंदा माझा लॅपटॉप बदलला नसता, तर बहुधा मी ते तसंच घेऊन गेलो असतो.

आधी धंदा कसा चालतो ते सांगतो, कारण चूक त्यातूनच झाली. माणूस येतो, बाकावर बसतो आणि सांगायला लागतो. तो सांगतो ते सगळं लिहायचं नसतं. शेजाऱ्याच्या कोंबड्याविरुद्ध अर्ज करायला आलेली एक बाई कोंबड्याच्या मालकिणीच्या माहेरापर्यंत गेली होती. त्यातून कचेरीला लागतं तेवढं चार ओळींत काढायचं, हे आमचं कसब. एक धोंडूभाऊ होते. त्यांना अर्ज मोठ्यानं वाचून दाखवावा लागे. शेतांकडे जाणाऱ्या पांदण रस्त्याच्या अतिक्रमणाचा अर्ज मी वाचला, त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि मान हलवली.

"बाबूजी, बराबर हाये सगळं. पन याच्यात राग नाई आला."

मी म्हटलं, अर्जात राग लिहीत नाहीत, विनंती लिहितात. त्यावर ते म्हणाले, "मंग विनंतीच अशी करा का सायबाले घाम आला पायजे." मी 'तात्काळ'च्या खाली रेघ मारली. त्यांचं समाधान झालं. रस्ता मोकळा झाला की नाही, ते आता आठवत नाही.

तर प्रत्येक कागद कोरा लिहायला बसलं, तर दिवसाला चार माणसंही होणार नाहीत. म्हणून आम्ही सगळे एकच करतो. आधी कुणासाठी केलेला तसाच कागद उघडायचा, त्यातली नावं-गावं बदलायची आणि छापायचा. त्या जुन्या कागदाला आम्ही नमुना म्हणतो. टाइपरायटरवर हे जमत नव्हतं, तिथे दरवेळी पहिल्यापासून ठोकावं लागे. लॅपटॉप आला आणि नमुन्यांचं राज्य आलं.

माझा पहिला लॅपटॉप काळा, जाड आणि पाटीसारखा जड होता. दसऱ्याला मी त्याला झेंडूचं फूल वाहत असे. त्याच्या बटणांवरची अक्षरं झिजून गेली होती, पण माझ्या बोटांना अक्षरं लागत नव्हती. टाइपरायटरवर शिकलेली जागा बोटांत बसलेली होती आणि तोच कळफलक मी त्यात घालून घेतला होता. त्याची एक सवय मला फार आवडायची. कुठलीही फाईल बंद करताना तो विचारायचा, बदल जतन करायचे का? इंग्रजीत विचारायचा, पण विचारायचा. कागद छापून झाला की मी बहुतेक वेळा 'नाही' दाबत असे, म्हणजे नमुना जसाच्या तसा राहायचा. वारसाच्या आणि जमिनीच्या कामात मात्र त्या माणसाच्या नावानं वेगळी फाईल ठेवायचो. पुढे कधी लागली तर असावी.

गेल्या वर्षी त्याची बॅटरी मेली. वायर लावली तरच चालायचा. वायर हलली की डोळे मिटायचा. मुलगा म्हणाला, "बाबा, या डब्यापाई तुमी एक दिवस शॉक खाल." आणि त्यानं नवा आणून दिला.

नवा पाहून मी आधी घाबरलो. वहीएवढा पातळ. सीडीची खाच नाही. माझा पेनड्राईव्ह घालायचं भोक शोधलं, तर त्याच्या अंगावर दोन बारीक फटी, त्यांत पेनड्राईव्हचं नाकही जाईना. त्यासाठी आणखी एक जोडणी विकत आणावी लागली. बटणं आवाज करत नाहीत. आपण लिहितोय की नुसतं कुरवाळतोय, ते कळत नाही. तोंड पाहून उघडतो म्हणे, पण मी चष्मा काढला की ओळख देत नाही. चाळीस वर्षं लोकांची ओळख पटवून द्यायचे कागद केले आणि घरातल्याच यंत्रापुढे रोज सकाळी स्वतःची ओळख पटवतो आहे.

जुन्या फाईली त्याच्यात नेल्या, तर सगळं मराठी जाऊन तिथे टिंबं, रेघा आणि विलायती अक्षरांचा चिवडा. माझी सून वैशाली झेडपीच्या शाळेत शिकवते. ती म्हणाली, घाबरू नका, अक्षरं गेली नाहीत, त्यांचे जुने कपडे या लॅपटॉपकडे नाहीत. तिनं जुना फॉन्ट शोधून घातला आणि एका क्षणात सगळे माझे मेंढपाळ, विधवा आणि जावई पुन्हा मराठी बोलायला लागले.

मग एक दिवस भानगड झाली. नळाच्या अर्जाचा नमुना उघडून मी त्याच्यावर शिधापत्रिकेचा अर्ज केला, छापला आणि बंद केला. 'नाही' दाबायला बोट तयार ठेवलं होतं. त्यानं विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी पाहतो, तर नळाचा नमुना गायब, त्याच्या जागी शिधापत्रिका.

"बाबा, हा इचारत नाई," वैशाली म्हणाली. "तुमी लिवलं का यानं ठेवलं."

"मले न इचारता?"

"तुमाले न इचारता. मागची प्रत कुठंतरी भेटते म्हनतात, पन मलेबी अजून सापडली नाई."

मी तिला म्हटलं, विचारल्याशिवाय कुणाचं काही ठेवून घेऊ नये, हे याला शाळेत शिकवलं नाही वाटतं. ती हसली. आम्ही दोघंही तेव्हा हसलो.

आता ती गोष्ट.

तेरा-चौदा वर्षांपूर्वी, बाजाराच्या दिवशी, सुखदेव माझ्याकडे आला. मोताळ्याजवळच्याच एका खेड्यातला. भाजीपाला करायचा, बाजारात बसायचा. त्याचे वडील वारले होते आणि वारस नोंदीसाठी प्रतिज्ञापत्र करायचं होतं. त्यानं बाकावर बसून नावं सांगितली. आई, तो स्वतः आणि बहीण कांता, साखरखेर्ड्याला दिलेली. त्या दिवशी बाक भरून रांग शेडबाहेर गेली होती. मी त्याच आठवड्यात केलेलं एका गुरुजींच्या घरचं प्रतिज्ञापत्र नमुना म्हणून उघडलं. गुरुजींच्या मागे पत्नी आणि एक मुलगा, दोघंच होते. वारसांच्या तक्त्यात दोन ओळी होत्या. त्या दोन ओळींत मी सुखदेवची आई आणि सुखदेव भरले. तिसरी ओळ वाढवायची, तेवढ्यात कुणीतरी कचेरीची वेळ संपत आल्याचं ओरडलं. मी छापून टाकलं. आणि गुरुजींचं चौथं कलम जागच्या जागी राहिलं. 'मयतास मुलगी नाही. वरील दोघांखेरीज मयतास अन्य कोणीही वारस नाही.'

सुखदेवनं न वाचता सही केली. त्याला वाचता येत होतं. पण बाबूजींनी लिहिलेलं काय वाचायचं.

दीड वर्षानं कांताबाईला मुलाच्या कामासाठी माहेरच्या कागदांच्या नकला लागल्या, तेव्हा तिनं ते वाचलं. दोघं बहीणभाऊ माझ्या टेबलाशी आले. सुखदेव सारखा म्हणत होता की मी नाव सांगितलं होतं, बाबूजींना विचार. तिनं कागद माझ्यापुढे ठेवला.

"बाबूजी, तुमीच सांगा. यानं माह्यं नाव सांगतलं होतं का?"

कागद हातात घेतल्याबरोबर मला कळलं. चौथं कलम गुरुजींचं होतं. शेडमध्ये माणसं होती, शेजारच्या टेबलावरचा अर्जनवीस मान वळवून ऐकत होता. आणि मी म्हणालो, "मी तर बापा, लोक जसं सांगतात तसं लिहितो."

हे वाक्य खोटं नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. एरवी मी खरंच तसं लिहितो. शब्द कसे ठेवायचे हाच माझा धंदा, तेव्हा ते मी नेमके ठेवले होते. सुखदेवनं माझ्याकडे पाहिलं. कांताबाईनं कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "म्हंजे माह्या बापाले लेकच नव्हती."

तिला जमीन नको होती. हे तिनं तेव्हाही सांगितलं होतं. पण दर भीमजयंतीला ती माहेरी यायची, ते बंद झालं. आई गेली तेव्हा आली, मातीला हात लावला आणि पाणी न पिता परत गेली. सुखदेव माझ्या टेबलाशी पुन्हा कधी आला नाही. बाजारात मात्र समोरून गेलो, तर वांग्यांच्या ढिगामागून हात वर करून 'जय भीम, बाबूजी' म्हणायचा. तो ते म्हणाला नसता, तर मला सोपं गेलं असतं.

नव्या लॅपटॉपवर फाईली नेताना वैशाली म्हणाली होती की सगळ्या नेऊ नका, लागतील तेवढ्याच घ्या, बाकी जुन्यासोबत जाऊ द्या. जुना भंगारात जाणार होता. एकेक नाव पाहत मी सुखदेवच्या फाईलशी आलो. ती ठेवावी की जाऊ द्यावी, याचा मी बराच वेळ विचार केला. शेवटी ती नेली आणि उघडली. नव्याचा पडदा रुंद आहे, दोन कागद शेजारी शेजारी दिसतात. एका बाजूला गुरुजींचा, एका बाजूला सुखदेवचा. चौथं कलम दोन्हीकडे टिंबासकट एकच. मग माझ्या हातानं काय केलं, तर सुखदेवच्या कागदात तिसरी ओळ वाढवली. 'कांता, मुलगी, रा. साखरखेर्डा.' चौथ्या कलमातलं पहिलं वाक्य पुसलं, 'वरील दोघां'चं 'वरील तिघां' केलं. कसा दिसला असता ते एकदा पाहावं, एवढंच मनात होतं. पाहिला. चांगला दिसत होता. झाकण मिटवलं.

दुसऱ्या दिवशी फाईल उघडली, तर कांताबाईचं नाव तिथेच. त्यानं ठेवून घेतलं होतं, न विचारता.

आता माझ्या दप्तरी कागद बरोबर होता. हे दाखवून मी म्हणू शकलो असतो की पाहा, मी तर बरोबर लिहिलं होतं, पुढे काय झालं ते मला माहीत नाही. खरी फाईल फक्त त्या जुन्या काळ्या लॅपटॉपात उरली होती आणि तो दाराशी पोत्यात भरून ठेवला होता. लिहायला लाज वाटते, पण दोन दिवस मी तसंच राहू दिलं. दोन दिवस मला बरं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी शाळेत जाता जाता वैशालीनं विचारलं की भंगारवाला गल्लीत आलाय, पोतं देऊन टाकू का. मी नको म्हटलं. काऊन, म्हणाली. आणि मी तिला उंबऱ्यावरच सगळं सांगितलं. तिला त्या दिवशी शाळेला उशीर झाला. ऐकून तिनं एकच विचारलं.

"ते दोघं हायेत ना अजून?"

"हाव, हायेत."

"मंग पोत्याचं तोंड सोडा, बाबा."

त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतःच्या नावानं प्रतिज्ञापत्र लिहिलं. नव्या लॅपटॉपवर लिहिलं. त्याच्यावर माझी बोटं अजून चाचपडतात. जुन्यावर 'सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की' हे शब्द माझ्या बोटांतून आपोआप गळायचे, डोकं दुसरीकडे असायचं. नव्याचा कळफलक वेगळा, त्यावर स कुठे आहे, त कुठे आहे, एकेक शोधावं लागलं. 'सत्य' लिहायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात पूर्वी माझा अर्धा कागद व्हायचा. नमुना उघडला नाही. माझ्याकडे या कामाचा नमुना नव्हताच. शेवटी, बरोबर झालेली ती फाईल मी नव्यातून पुसली आणि चुकलेली, होती तशी, जुन्यातून आणून ठेवली.

आधी सुखदेवकडे गेलो. तो मळ्यात वांग्यांना पाणी देत होता. बांधावर उभं राहूनच सांगितलं. त्यानं पाईप खाली ठेवला. पाणी वाहत राहिलं.

"मी सांगतलं होतं ना तुमाले?"

"सांगतलं होतं, सुखदेव."

"तिचं गावबी सांगतलं होतं."

"गावबी सांगतलं होतं."

त्यानं मला शिवी दिली असती, तर मी ती घेतली असती. त्यानं पाईप उचलून दुसऱ्या वाफ्यात सोडला आणि म्हणाला, "मले सांगून काय उपेग, बाबूजी? मले तर माहीतच होतं."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघालो. बुलढाण्याला गाडी बदलली, चिखलीला बदलली, मग साखरखेर्डा. पिशवीत जुना लॅपटॉप, त्याची वायर आणि माझं प्रतिज्ञापत्र. कांताबाई अंगणात सोयाबीन वाळत घालत होती. केस पांढरे झाले होते. मला तिनं लगेच ओळखलं, पण बसा म्हणाली नाही. घरात विजेचा बोर्ड कुठे आहे ते विचारून मी वायर लावली. जुना कण्हत कण्हत उघडला. गुरुजींची फाईल दाखवली, मग सुखदेवची, आणि तारखा. माझं प्रतिज्ञापत्र तिच्या हातात दिलं. ती सातवीपर्यंत शिकलेली. तिनं ते उभ्यानंच सगळं वाचलं, बोट ठेवून.

"तुमाले तवाच माहीत होतं?"

"हाव."

"मंग आतापावतो काऊन नाई सांगतलं?"

मी खरं ते सांगितलं. लोक म्हणतील बाबूजी चुकतो, आणि दुसऱ्याच्या टेबलावर जातील, याची भीती वाटली.

"गेले असते दोघं-चौघं," ती म्हणाली. "मेले नसते."

तिनं मला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण तिनं तसं म्हटलं नाही. ती आत गेली. मला वाटलं, आता निघावं. वायर गुंडाळत होतो, तेवढ्यात ती लुगडं बदलून बाहेर आली. शेजारणीला सोयाबीनवर लक्ष ठेवायला सांगितलं आणि मला विचारलं, परतीची गाडी कितीला आहे. मग पिशवी माझ्या हातून घेतली. "द्या इकडं. तुमच्या हातून कुठं पडन-बिडन."

सगळ्या वाटेत तो लॅपटॉप तिच्या मांडीवर होता. चिखलीच्या स्टँडवर मी चहाचं विचारलं, तर नको म्हणाली. बुलढाण्याला मात्र तिनंच दोन चहा सांगितले आणि एक माझ्यापुढे सरकवला. एकदा फक्त तिनं विचारलं की आई असताना घरापुढे पेरूचं झाड होतं, ते आहे का. मी पाहिलं नव्हतं.

दिवस बुडायच्या आत आम्ही सुखदेवच्या दारात होतो. झाड होतं. तो ओसरीवर वांगी निवडत बसला होता. त्यानं आधी मला पाहिलं, मग माझ्या मागे तिला. हातातलं वांगं तसंच राहिलं. त्याची बायको आतून आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. मी पुष्कळ वाक्यं तयार करून आणली होती. धंदाच तो. एकही काढता आलं नाही.

कांताबाई ओसरीवर चढली. पिशवीतून लॅपटॉप काढून तिनं वांग्यांच्या शेजारी ठेवला, वायर सोडली आणि तिचं टोक हातात धरून भावाकडे पाहिलं.

"भाऊ, बोर्ड कुठं हाये तुह्या घरात? याले करंट लागते."

बारा वर्षांनंतरचं तिचं पहिलं वाक्य ते. सुखदेव उठला, आत गेला. आतल्या खोलीत फ्रीज घुमत होता, तो एकदम बंद झाला. त्यानं फ्रीजची पिन काढली होती.